खाते एक, माणसे चार

फोनवर काढलेला फोटो टॅबवर आपोआप उमटतो, त्या पहिल्या दिवशी नवल वाटते. पुढे केव्हातरी तोच टॅब शेजारच्या मुलाला कार्टून पाहायला दिलेला असतो आणि पडद्याच्या वरच्या कडेने एक पट्टी खाली सरकते: बँकेचा मेसेज, पॅथॉलॉजीच्या रिपोर्टचा फोटो, नाहीतर नणंदेविषयी बहिणीला लिहिलेल्या चार ओळी. मग घरात एकच धांदल, हे बंद कसे करायचे? कोणीतरी सेटिंग्जमध्ये शिरून एक बटण बंद करतो. आठवडाभर शांतता असते. त्यानंतर फोनमधल्या नावांची यादी किंवा इंटरनेटवर काय काय शोधले त्याचा इतिहास दुसऱ्याच वाटेने टॅबवर पोहोचलेला दिसतो. बटणांमागे धावून हा प्रश्न सुटत नाही, कारण तो मुळात बटणांचा नाही. दोन उपकरणांवर एकच खाते चालते आहे, आणि यंत्राला माणूस कळत नाही, खाते कळते. ज्या घरात चार माणसे एका खात्यात राहतात, त्या घरात यंत्राच्या लेखी एकच माणूस राहतो. त्या एका माणसाची माहिती त्याच्याच दुसऱ्या हातात देण्यात यंत्राला काहीच गैर वाटत नाही.

उदाहरणाला जुनी इंदूर घेऊ. 'जुनी' हा शब्द माळवीलाही आपला वाटतो आणि मराठीलाही. हिंदी पाटीवर तो 'जूनी' होतो इतकेच. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली, राजवाड्याभोवतीचे शहर फोफावले, आणि जमीनदारांचा बडा रावला जिथे आहे ती नदीकाठची मूळ वस्ती 'जुनी' म्हणून ओळखली जाऊ लागली. इथल्या मराठी कुटुंबांनी एकत्र राहणे पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे. म्हणूनच एक गैरसमज आधी दूर करायला हवा. एकत्र कुटुंबात सगळे सगळ्यांसाठी उघडे असते, ही समजूत पुढच्या पिढ्यांनी करून घेतलेली आहे. वाड्यात ओटीपर्यंत कोणी यायचे, माजघरात कोणी, देवघरात कोणी, हे ठरलेले असे. धान्याचे कोठार सामाईक असले तरी आजोबांच्या पेटीची किल्ली जानव्याला बांधलेली असे आणि सासरी आलेल्या सुनेची ट्रंक तिच्याशिवाय कोणी उघडत नसे. छप्पर एक आणि पेट्या वेगळ्या, अशी ती व्यवस्था होती. आजच्या घरात भिंती पक्क्या आहेत, दारांना कड्या आहेत, पण पेटी मात्र एकच. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा मुलांसाठी घाईने टॅब आला आणि त्यात वडिलांचेच गूगल खाते टाकले गेले, कारण पासवर्ड तेवढा एकच माहीत होता. किंवा पुण्यात नोकरीला गेलेल्या मुलाने नवा टॅब घेतला आणि जुना इंदूरला आईवडिलांकडे धाडला, स्वतःच्या खात्यासकट. आता पुण्यातल्या पार्टीचे फोटो जुनी इंदूरच्या दिवाणखान्यात वेळेवर पोहोचतात.

हे घडते कसे, ते समजून घ्यायला दोन शब्द नीट वेगळे करावे लागतात. दुकानदारापासून नातेवाइकांपर्यंत सगळेच ते एकमेकांऐवजी वापरतात: बॅकअप आणि सिंक. बॅकअप म्हणजे प्रत. कागदाची झेरॉक्स काढून कपाटात ठेवली, तर मूळ कागद फाटला तरी झेरॉक्स शाबूत राहते. सिंक म्हणजे आरसा, आणि तोही दोन्ही बाजूंनी चालणारा. इकडे जोडले की तिकडे जोडले जाते, आणि इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते. कान्ह आणि सरस्वती या नद्या इंदूरच्या पोटातच एकत्र होतात. संगमाच्या पुढे घागर भरून त्यातले कान्हेचे पाणी कोणते हे सांगता येत नाही. सिंक झालेल्या खात्याचे तसेच असते. आयफोन आणि आयपॅडवर आयक्लाउड फोटोज चालू असेल, तर आयपॅडवर जागा होत नाही म्हणून मुलाने दोनशे फोटो काढून टाकले की ते वडिलांच्या फोनमधूनही जातात. गूगल फोटोजमध्येही बॅकअप झालेला फोटो ॲपमधून काढला की तो त्या खात्यातून जातो, म्हणजे त्या खात्याच्या प्रत्येक उपकरणावरून जातो. नाव बॅकअपचे असले तरी वागणूक आरशाची. लोकांचे सर्वांत मोठे नुकसान याच ठिकाणी होते. गुप्तता जाण्याची भीती सगळ्यांना असते, पण मुंजीचे, लग्नाचे, गेलेल्या माणसाचे फोटो कोणाच्या तरी साफसफाईत जाऊ शकतात हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

एक बटण का पुरत नाही, हेही फोटोंवरूनच कळते. टॅबवर गूगल फोटोज उघडून बॅकअप बंद केला की काम झाले असे वाटते. त्या बटणाने थांबते ते टॅबमधून वर जाणे. वरून टॅबवर उतरणे थांबत नाही. फोनमधून वर गेलेले सगळे फोटो टॅबवर पूर्वीसारखेच दिसत राहतात, कारण टॅबवर खाते तेच आहे. दिसणे थांबवायचे असेल तर फोनवरचा बॅकअप बंद करावा लागेल, म्हणजे आग लागू नये म्हणून चूलच विझवायची. शिवाय आधी वर गेलेले फोटो तिथेच राहतील ते राहतीलच. संपर्क, कॅलेंडर, क्रोममधला इतिहास, साठवलेले पासवर्ड, यूट्यूबवर काय पाहिले त्याची नोंद, या प्रत्येकाचे बटण वेगळे आणि जागाही वेगळी. यूट्यूब हा तर घरोघरचा बोलका साक्षीदार. नातवाच्या टॅबवर कीर्तने आणि राजकीय भांडणे सुचवली जाऊ लागली आणि आजोबांच्या फोनवर बालगीते, की समजावे, दोघे एका खात्यात नांदत आहेत.

ॲपलच्या उपकरणांत ही गुंफण आणखी घट्ट आहे. फोनवर कॉल आला की आयपॅडही वाजतो, फोनवर कॉपी केलेला मजकूर जवळच्या आयपॅडवर पेस्ट होतो, मेसेज दोन्हीकडे दिसतात. एकट्या माणसाची दोन उपकरणे असतील तर ही चैन आहे. घरात आयपॅड फिरता असेल तर हीच चहाडखोरी. याचे एक टोकाचे उदाहरण २०२४ साली इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांत गाजले. एका व्यावसायिकाने आयफोनवरून काही खासगी मेसेज पुसले होते. घरच्या सामाईक संगणकावर ते तसेच राहिले, पत्नीने वाचले आणि संसार मोडला. त्याने दोष ॲपलला दिला. त्याच्याविषयी सहानुभूती वाटायचे कारण नाही, पण पुसले म्हणजे सगळीकडून पुसले गेले, ही त्याची समजूत आपल्यापैकी बहुतेकांची आहे. एकीकडे पुसले की सगळीकडून जाते, असे फोटोंच्या बाबतीत घडते. मेसेजच्या बाबतीत एकीकडे पुसले तरी दुसरीकडे उरू शकते. कोणत्या वस्तूला कोणता नियम लागू आहे हे उपकरणाचा मालकही सांगू शकत नाही. अशा व्यवस्थेला सोय म्हणणे जरा धाडसाचेच.

पैशाच्या बाबतीत तर नुसत्या संकोचावर भागत नाही. बँकेच्या व्यवहाराला दोन कुलपे असतात ती एवढ्यासाठी, की एक किल्ली तुमच्या डोक्यात असावी, म्हणजे पासवर्ड, आणि दुसरी तुमच्या हातात, म्हणजे फोनवर येणारा ओटीपी. पासवर्ड ब्राउझरने साठवला आणि सिंक होऊन टॅबवर गेला. मेसेजही टॅबवर दिसू लागले. आता दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला टांगलेल्या आहेत. टॅबला बहुधा पिनही नसतो, कारण मुलांना तो लक्षात राहत नाही. याउलट यूपीआय पाहा. सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाऊन ज्या ॲपने पैसे देता, ते टॅबवर त्याच गूगल खात्याने उतरवून घेतले तरी चालू होत नाही. नोंदणीच्या वेळी सिमवरून मेसेज जातो आणि ॲप त्या उपकरणाशी बांधले जाते. व्हॉट्सॲपही दुसऱ्या उपकरणावर जोडताना मुख्य फोनची संमती मागते, चारपेक्षा जास्त उपकरणे जोडू देत नाही आणि जोडलेल्यांची यादी दाखवते. म्हणजे विचारल्याशिवाय पुढे न जाणारी यंत्रे बनवता येतात, रोज कोट्यवधी लोक ती वापरतात आणि कोणाचे अडत नाही. आपोआप पसरणे हा तंत्रज्ञानाचा स्वभाव नाही, तो कोणीतरी घेतलेला निर्णय आहे.

तो निर्णय कंपन्या आपल्या बाजूने घेतात, कारण आधीपासून चालू ठेवलेले बटण माणूस सहसा बंद करत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. जॉन्सन आणि गोल्डस्टीन या संशोधकांनी २००३ साली 'सायन्स' नियतकालिकात अवयवदानाच्या संमतीची तुलना मांडली होती. जर्मनीत संमती मुद्दाम द्यावी लागे, तिथे ती १२ टक्के लोकांची होती. शेजारच्या ऑस्ट्रियात संमती गृहीत धरली जाई आणि नको असल्यास कळवावे लागे, तिथे प्रमाण ९९.९८ टक्के. दोन शेजारी देशांतल्या माणसांच्या मनात एवढी तफावत असणे शक्य नाही, तफावत कोऱ्या फॉर्ममध्ये होती. याच गोष्टीची दुसरी बाजू २०२१ च्या एप्रिलमध्ये दिसली. इतर ॲप्सना माग काढू द्यायचा का, हे आयफोन प्रत्येकाला स्पष्ट विचारू लागला, आणि त्या बदलामुळे २०२२ मध्ये आपले सुमारे दहा अब्ज डॉलरचे उत्पन्न बुडेल असे फेसबुकच्या मालक कंपनीने जाहीर केले. नुसते विचारले, तर इतके लोक 'नको' म्हणाले. आणि बटण बंद करूनही बंद होत नाही याचाही दाखला आहे. 'लोकेशन हिस्टरी' बंद केल्यावरही गूगलची दुसरी एक नोंद ठिकाणे टिपत राहते, हे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१८ मध्ये उघड केले; २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांशी गूगलने ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड केली. इंदूरचा स्थापना दिवस ज्या ३ मार्च १७१६ च्या सनदेवरून मोजतात, ती राव नंदलाल मंडलोई यांना मिळालेली करमुक्त व्यापाराची सनद. सनद म्हटली की ती कोणाला आणि कशासाठी, हे लिहिलेले असायचे. आपण 'सहमत' हे बटण दाबून रोज जी सनद देतो, तिच्यात ती कशासाठी दिली हे लिहिलेले असते खरे, पण वाचतो कोण?

यावर पहिला आक्षेप घरातूनच येतो: आपल्याच माणसांपासून काय लपवायचे? हा आक्षेप प्रेमातून येतो, म्हणून त्याला उत्तरही नीट दिले पाहिजे. लपवणे आणि आपल्या वेळेला सांगणे यांत फरक आहे. गर्भ राहिल्याची बातमी, गाठीचा तपासणी अहवाल, नोकरी सोडण्याचा विचार, यांतले काहीही घरापासून कायमचे लपवायचे नसते, पण ते केव्हा आणि कोणाला आधी सांगायचे हा त्या माणसाचा हक्क आहे. टॅबवर उमटणारी पट्टी तो हक्क हिरावून घेते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा त्यानंतरचा, आणि त्यात संमती मोकळी, नेमकी आणि समजून दिलेली असावी असे म्हटले आहे. मात्र हाच कायदा, व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला लागू होत नाही. ते योग्यच आहे. भावाने बहिणीचे फोटो पाहिले म्हणून सरकारने घरात यावे असे कोणालाही वाटणार नाही. पण त्याचा अर्थ असा, की उंबऱ्याच्या आतले कुलूप आपणच लावायचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सिंक बंद केले आणि फोन हरवला किंवा फुटला, तर सगळेच जाईल. खरे आहे, आणि म्हणूनच सरसकट सगळी बटणे बंद करण्याचा सल्ला चुकीचा आहे. हौशी भाचे-पुतणे तो देतात आणि सहा महिन्यांनी मावशीचा फोन पाण्यात पडतो. खाती वेगळी केली तर हा पेच उरत नाही. प्रत्येकाचा फोन प्रत्येकाच्या खात्यात बॅकअप होत राहतो, फक्त एकाचे दुसऱ्याकडे सांडत नाही. खर्चही वाढत नाही, उलट फायदाच होतो. गूगल एका खात्याला १५ जीबी जागा फुकट देते, आणि १ जून २०२१ पासून फोटोही त्यातच मोजले जातात. चौघे एका खात्यात असतील तर १५ जीबी चौघांत, वेगळे झाले तर प्रत्येकाला १५. जे सामाईक असायला हवे, म्हणजे विकत घेतलेली ॲप्स, मुलांवरची देखरेख, सहलीचा एखादा अल्बम, त्यासाठी गूगल आणि ॲपल या दोन्ही कंपन्यांची कुटुंब गटाची सोय आहे. दोन्हीकडे सहा माणसे बसतात. छप्पर एक आणि पेट्या वेगळ्या, हीच ती व्यवस्था.

वडीलधाऱ्यांना हे जमणार नाही, असेही म्हणतात. ज्यांनी रेशन कार्ड, पेन्शनचा हयातीचा दाखला आणि गॅसची केवायसी पार पाडली, त्यांना एक ई-मेल खाते जड जाईल असे मानणे हा त्यांचा अपमान आहे. खाते एकदाच काढायचे असते आणि त्यासाठी कोणी तासभर शेजारी बसले की पुरते. राहिला शेवटचा आक्षेप: सगळी माहिती कंपन्यांकडे आहेच, मग घरातला टॅब सुधारून काय साधणार? कंपनीकडे माहिती असण्याचे धोके वेगळे आणि ते मोठेही आहेत. त्यांच्याशी कायद्याने आणि न्यायालयात भांडावे लागेल. पण त्या कंपनीला तुमची नणंद कोण हे ठाऊक नसते, आणि टॅब हातात असलेल्या भाचीला ते ठाऊक असते. लाजेचे, गैरसमजाचे आणि भांडणाचे धोके ओळखीच्या माणसांतच जन्म घेतात.

तर मग करायचे काय? सुरुवात बटणांपासून नको, यादीपासून करा. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात 'तुमची उपकरणे' अशी यादी असते. आयफोनमध्ये सेटिंग्ज उघडून सर्वांत वरच्या आपल्या नावावर बोट ठेवले की खाली अशीच यादी येते. त्यात विकलेला, भाच्याला दिलेला, जेल रोडच्या मोबाइल बाजारात बदलून टाकलेला एखादा जुना फोन अजून जिवंत आढळला, तर आधी त्याला साइन आउट करा. मग टॅबवर नवे खाते जोडा आणि जुने काढा. मूल लहान असेल तर कुटुंब गटातून मुलाचे खाते उघडता येते. ॲन्ड्रॉइड टॅबवर २०१२ पासून एकाच उपकरणात वेगवेगळ्या वापरकर्त्यांची सोय आहे, आईचा वेगळा, मुलीचा वेगळा. मोफत असूनही इतकी कमी वापरली जाणारी दुसरी सोय शोधावी लागेल. आयपॅडवर घरगुती वापरासाठी ती नाही, हा ॲपलचा कोतेपणा आहे, एकाऐवजी दोन आयपॅड खपावेत हे त्याचे कारण असावे अशी शंका घ्यायला जागा आहे. तिथे आयपॅड ज्याच्या हातात जास्त असतो त्याचेच खाते ठेवावे. टॅब फिरताच ठेवायचा असेल आणि खाते बदलायचे नसेल, तर निदान तिन्ही गळत्या बुजवा: फोनच्या सेटिंग्जमध्ये 'इतर उपकरणांवर कॉल' बंद, मेसेज पुढे पाठवणे बंद, आणि साठवलेल्या पासवर्डचे सिंक बंद. आयपॅडवर संपर्क बंद करताना आहेत ते ठेवायचे की पुसायचे, असा प्रश्न येतो. तिथे पुसायचे म्हणा, नाहीतर आजवर सांडलेले तिथेच राहील. टॅबला पिन लावा.

एक मात्र लक्षात ठेवा. खाती वेगळी करण्याच्या आधी घरातले सगळे फोटो एखाद्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, आणि ते उतरले आहेत हे चार फोटो उघडून पाहा. वेगळे करण्याच्या भरात कोणी काही पुसलेच, तर बॅकअप झालेला फोटो गूगल फोटोजच्या कचरापेटीत ६० दिवस राहतो. आयक्लाउडमध्ये ३० दिवस.